गंधार सुट्टीवर!

लग्नाच्या वरातीत वाजणारा बँड तुम्ही पाहिलाच असेल. पुढे ढोल-ताशे, मागे चकचकीत पितळी वाद्यं, आणि त्या गर्दीत वाकड्या चिलमीसारखं, तोंड वर केलेलं एक वाद्य. अंगभर चाव्याच चाव्या! तो असतो सॅक्सोफोन. गेली दोन वर्षं मी हे वाद्य शिकते आहे. आज त्यातली एकच गंमत तुम्हाला सांगणार आहे. तिचं नाव ‘सस्पेंडेड कॉर्ड’.

नाव ऐकून दचकू नका. मी मधल्या सुट्टीत पहिल्यांदा हे नाव काढलं तेव्हा आमचे एक गुरुजी डबा खाता खाता थांबले आणि म्हणाले, “अरे बापरे! कोण सस्पेंड झालं?” कोणीच नाही झालं, गुरुजी. झाला तो फक्त ‘ग’. म्हणजे सारेगम मधला गंधार. कसा, ते पुढे कळेलच.

आमचं ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यात. थोडं पुढे गेलं की पैनगंगा लागते, आणि नदी ओलांडली की नांदेड जिल्हा. कापूस, सोयाबीन, हळद पिकवणारा हा मुलूख. इथे सॅक्सोफोनचा क्लास नाही. पण सॅक्सोफोन वाजवणारे एक आजोबा आहेत. चाळीस वर्षं त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये वाजवलं. गावात सगळे त्यांना ‘मास्तर’ म्हणतात, बँडमास्तर म्हणून. मी शाळेतली बाई, ते बँडचे मास्तर. ते मला ‘बाई’ म्हणतात, मी त्यांना ‘मास्तर’ म्हणते, आणि शिकायचं मात्र मी!

त्यांच्या बँडमध्ये एके काळी चौदा माणसं होती. मग डीजेच्या गाड्या आल्या. माणसं घटत गेली. २०२० साली टाळेबंदीत लग्नंच बंद झाली, तेव्हा उरलेल्यांतले काही जण कामासाठी बाहेरगावी गेले ते परत आलेच नाहीत. आता पाच जण आहेत. मी पहिल्यांदा मास्तरांच्या घरी गेले, तेव्हा सॅक्सोफोन पेटीत होता आणि पेटी पलंगाखाली. मास्तर म्हणाले, “भंगारवाला दोनदा इचारून गेला, बाई. पितळ हाय ना. किलोच्या भावानं मांगते.”

त्या दिवशी मी ठरवलं की हे वाद्य आपण शिकायचं. मास्तरांना आधी खरंच वाटेना. शेजारच्या काकू तर म्हणाल्या, “बाई, वरातीत जाता का काय आता?” म्हटलं, बोलावलं तर जाईन की!

आता आधी या वाद्याची ओळख करून घेऊ. सॅक्सोफोन तयार केला बेल्जियम देशातल्या अडॉल्फ सॅक्स यांनी. ते १८१४ साली दिनां नावाच्या गावात जन्मले. लहानपणी हा मुलगा मोठा अपघाती होता. उंचावरून पडला, टाचणी गिळली, नदीत बुडता बुडता वाचला, असं सांगतात. वाचला म्हणून बरं! १८४६ साली त्यांनी पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. आपल्या देशात बँडची वाद्यं मुख्यतः मेरठमध्ये, तिथल्या जली कोठी भागात तयार होतात.

एक कोडं घालू? सॅक्सोफोन पितळेचा असतो, तरी त्याची गणती लाकडी वाद्यांच्या घराण्यात होते. का बरं? कारण त्याचा आवाज पितळेतून नाही, तर एका पत्तीतून निघतो. बोरूसारख्या जाड, पोकळ गवताची पातळ पट्टी तासून ही पत्ती केलेली असते. तोंडाकडच्या भागाला ती घट्ट बांधायची, फुंकली की ती थरथरते आणि नळीतली हवा गाऊ लागते. वाजवण्याआधी पत्ती जिभेने ओली करावी लागते. कोरडी पत्ती बदकासारखी ओरडते!

पहिला महिना माझ्या सॅक्सोफोनचं बदकच होतं. मास्तर म्हणायचे, “जोर नका लावू. निस्ती हवा सोडा. चुलीवर फुंकता ना, तशी नाही. आरशावर वाफ सोडता, तशी.” तुम्हीही आरशावर वाफ सोडून बघा. घसा कसा मोकळा होतो! अगदी तसाच ठेवायचा.

बोटांचा हिशेब मात्र सोपा आहे. सगळ्यात खालचा ‘सा’ धरला, तर दोन्ही हातांची तीन-तीन बोटं दाबायची, शिवाय उजवी करंगळी. मग करंगळी उचलली की ‘रे’. अनामिका उचलली की ‘ग’. मधलं बोट उचललं की ‘म’. तर्जनी उचलली की ‘प’, म्हणजे उजवा हात पूर्ण मोकळा. पायऱ्या चढल्यासारखं. ‘म’ आणि ‘ग’ यांच्यात अंतर आहे ते फक्त एका बोटाचं, हे ध्यानात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

पहिल्याच आठवड्यात आणखी एक गंमत कळली. शाळेतल्या पेटीवर मी पांढरी एकचा ‘सा’ धरला आणि मास्तरांनी त्यांच्या वाद्यावरचा ‘सा’ वाजवला. दोघांचं जुळेचना! त्यांचा होता अल्टो सॅक्सोफोन, मधल्या आकाराचा. या वाद्यावर ज्याला ‘सी’ म्हणतात तो सूर पेटीवर काळी दोनला मिळतो. वाद्य बिघडलेलं नव्हतं, ते घडवलंच तसं आहे. मग मी पेटी काळी दोनवर घेतली आणि दोघांचे सूर मिळाले.

आता येऊ कॉर्डकडे. तीन किंवा जास्त सूर एकाच वेळी वाजवले की त्याला कॉर्ड म्हणतात. आपलं संगीत एकामागून एक सूर गुंफत जातं. पाश्चात्त्य संगीतात असे सूर एकमेकांवर रचतात. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना हे संगीत शिकवायचे. तिथले कितीतरी वादक पुढे मुंबईला आले, आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यांना कॉर्डची जोड देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतली नावं.

सगळ्यात साधी कॉर्ड म्हणजे ‘सा-ग-प’. यात ‘सा’ आणि ‘प’ म्हणजे घराच्या दोन भिंती समजा. त्या कधी हलत नाहीत. घरात आनंद आहे की दुःख, हे ठरवतो मधला ‘ग’. शुद्ध ‘ग’ लावा, उजेड पडल्यासारखं वाटतं. कोमल ‘ग’ लावा, दिवस मावळल्यासारखं वाटतं. एवढा एक सूर, पण सगळा कारभार त्याच्या हातात!

आणि समजा, या ‘ग’ला सुट्टी दिली तर? त्याच्या जागी ‘म’ बसवला, ‘सा-म-प’ असं वाजवलं तर? ना आनंद, ना दुःख. दार अर्धं उघडं ठेवल्यासारखं वाटतं. हीच सस्पेंडेड कॉर्ड. ‘ग’च्या जागी ‘रे’ बसवून ‘सा-रे-प’ वाजवलं, तर ती तिची दुसरी बहीण. सस्पेंडेड म्हणजे इथे निलंबित नव्हे बरं का, लटकलेली, अधांतरी. जुन्या काळी युरोपात चर्चमध्ये गाणारे लोक आधीच्या कॉर्डमधला एक सूर मुद्दाम पुढच्या कॉर्डपर्यंत धरून ठेवत. तो तिथे बोचायचा, आणि मग एक पायरी खाली उतरून जागेवर बसायचा. त्या धरून ठेवलेल्या सुरावरून हे नाव आलं.

गणित आवडणाऱ्यांसाठी थोडे आकडे देते. समजा ‘सा’ची हवा सेकंदाला २४० वेळा थरथरते. मग शुद्ध ‘ग’ ३००, ‘म’ ३२० आणि ‘प’ ३६० वेळा. आता २४०, ३००, ३६० यांना ६० ने भागा. ४, ५, ६ ! किती नीटनेटकं! आणि २४०, ३२०, ३६० ला ४० ने भागा. ६, ८, ९. हे तितकं सरळ नाही. ‘म’ आणि ‘प’ अगदी शेजारी-शेजारी बसतात, एकाच बाकावर दांडगी मुलं बसल्यासारखे. त्यांची कोपरं एकमेकांना लागतात. म्हणून कानाला वाटतं की आता काहीतरी व्हायला हवं. आणि ‘म’ एक पायरी उतरून ‘ग’वर आला की हुश्श! सुटका!

तुम्ही हुशार आहात, म्हणून एव्हाना विचारलंही असेल, “पण बाई, सॅक्सोफोनमधून तर एका वेळी एकच सूर निघतो. मग त्यावर कॉर्ड कशी वाजणार?” अगदी बरोबर. मोत्यांची मूठ एकदम टाकता येत नसेल, तर एकेक मोती टाकायचा. सा, मग म, मग प, पुन्हा म. झपाझप वाजवले की ऐकणाऱ्याच्या कानात तिन्ही सूर एकत्र जमतात. मागे पेटीवर कोणी ‘सा-प’ धरून ठेवला तर काम आणखी सोपं. आणि तीन सॅक्सोफोनवाले असतील, तर तिघांनी एकेक सूर घ्यायचा.

मास्तरांना हे इंग्रजी नाव ठाऊक नव्हतं. मी पुस्तकात वाचलं आणि त्यांना वाजवून दाखवलं, तेव्हा ते हसले. “हे तं आमी वरातीत करतच होतो. नवरदेव मांडवापाशी येते. घोड्यावरून उतराले येळ लावते. मंग गाणं संपवाचं कसं? आमी सूर लटकता ठेवाचो. नवरदेवाचा पाय खाली टेकला की गाणं टेकवाचो.” बघा! चाळीस वर्षं ते सस्पेंडेड कॉर्डच वाजवत होते, वरातीसोबत चालत चालत, पाठ करून.

माझा रोजचा सराव मग असा ठरला. सा-म-प-म, आणि शेवटच्या ‘म’वर चार मात्रा थांबायचं. मग उजव्या हाताचं मधलं बोट हळूच खाली, ‘ग’. वाचायला किती सोपं! पण त्या चार मात्रा म्हणजे परीक्षा असते. मनात कोणीतरी ओरडत असतं, “टाक बोट, टाक!” वाफ संपत येते, हनुवटी आवळते आणि ‘म’ थरथरायला लागतो. मास्तर समोर बसून चार बोटं मोजत राहतात. चौथं बोट मिटलं की मान हलवतात. खालचा ‘सा’ तर आणखी हट्टी. जबडा ढिला ठेवला नाही, तर तो उडी मारून वरच्या सप्तकात जातो. हे सगळं जमायला मला पाच महिने लागले.

आता आमच्या वर्गातली गोष्ट. मास्तरांचा नातू आमच्या शाळेत, तेव्हा माझ्याच वर्गात, चौथीत होता. घरातली माणसं काय काम करतात, यावर मी मुलांना पाच ओळी लिहायला सांगितल्या होत्या. त्याने लिहिलं, ‘बाबा शेतात जातात. आजोबा घरीच असतात.’ बस. बँडचं नाव नाही. मी काही बोलले नाही. मधल्या सुट्टीत काही पोरं तोंडाने ‘पों पों’ करत त्याला चिडवायची, हे मी पाहिलं होतं. चिडवणाऱ्यांना ओरडून ते थांबतं थोडा वेळ. पण ज्याला लाज वाटू लागली, त्याचं काय करायचं?

एका शनिवारी सकाळच्या शाळेत मी मास्तरांना बोलावलं. वर्गाला सांगितलं, “हे माझे गुरुजी. मी यांच्याकडे शिकते.” मुलं चकित झाली. बाईंनाही गुरुजी असतात? मग वर्गाचे तीन गट केले. पहिला गट ‘सा’, दुसरा ‘म’, तिसरा ‘प’. मास्तरांनी एकेकाला सूर दिला आणि मी हात वर करून सगळ्यांना एकदम गायला लावलं. पहिल्यांदा गोंधळ झाला, दुसऱ्यांदा हसू आलं, आणि तिसऱ्यांदा, काय सांगू, कौलाखालची ती खोली भरून गेली. आवाज लांबत होता. कोणालाच थांबता येईना. असं वाटत होतं की काहीतरी राहिलं आहे.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला. ‘म’वरून उतरून नेमका ‘ग’. स्वच्छ! ‘म’चा सगळा गट त्याच्या पाठोपाठ घसरत ‘ग’वर आला आणि वर्गाने एकदम श्वास सोडला. तो आवाज नातवाचा होता. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. रोज संध्याकाळी मी त्यांच्या ओसरीवर त्या ‘म’शी झटापट करायची, तेव्हा तो आत अभ्यास करत असायचा. त्याचा कान आपोआप तयार झाला होता!

मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त सॅक्सोफोनवर तोच ‘ग’ लांब वाजवला. शाळा सुटली तेव्हा मी पेटी उचलायला पुढे झाले, तर नातवाने ती आधीच उचलली होती. बाजारातून, सगळ्या पोरांच्या देखत, दोन्ही हातांनी पोटाशी धरून तो ती घरी घेऊन गेला. ‘पों पों’ करणारे दोघे त्याच्या मागे मागे चालत होते. त्यांना पेटीला हात लावायचा होता!

बँडमधलं वाद्य म्हणजे हलकं, असं तुम्हालाही कोणी सांगितलं तर त्यांना कद्री गोपालनाथ यांची गोष्ट सांगा. ते कर्नाटकातले. वडील नागस्वरम वाजवायचे. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन ऐकला आणि ठरवलं, याच्यावर आपलं कर्नाटक संगीत वाजवायचं. लोक म्हणत, या वाद्यावर गमक यायचे नाहीत. त्यांनी वर्षानुवर्षं मेहनत केली, चाव्यांमध्ये फेरफार केले. १९९४ साली लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या मोठ्या संगीत महोत्सवात ते वाजवून आले. २००४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ साली ते गेले. आणि आपण सिनेमाच्या गाण्यांत सॅक्सोफोन ऐकतो, त्यातला कितीतरी मनोहारी सिंग यांनी वाजवलेला आहे. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात त्यांचं मोठं स्थान होतं.

आपल्या रागांनीही गंधाराला सुट्टी दिलेली आहे, बरं का! वृंदावनी सारंग हा दुपारचा राग. त्यात ‘ग’ही नाही आणि ‘ध’ही नाही. राग म्हणजे कॉर्ड नव्हे, ती दोन वेगळी झाडं. पण आमच्याकडच्या उन्हाळ्यातल्या दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मास्तर सॅक्सोफोनवर सारंगाचे सा-रे-म-प लावतात, तेव्हा मला त्या दोन सस्पेंडेड बहिणी त्यात लपलेल्या दिसतात. सा-रे-प आणि सा-म-प. ‘ग’ नसला तरी काही अडत नाही!

अमेरिकेतल्या जाझ वादकांनीही पुढे हाच शोध लावला. ‘म’ने ‘ग’वर उतरलंच पाहिजे असं कुठे आहे? राहू दे की अधांतरी! १९६५ साली पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांनी ‘मेडन व्हॉयेज’ नावाची रचना केली. मेडन व्हॉयेज म्हणजे जहाजाचा पहिला प्रवास. ती जवळजवळ सगळी अशा लटकत्या कॉर्डवर उभी आहे, आणि त्यात जॉर्ज कोलमन यांचा टेनर सॅक्सोफोन आहे. ऐकताना खरंच वाटतं की जहाज निघालंय, समुद्र पसरलाय आणि किनारा अजून दिसत नाही. पण भीती वाटत नाही.

आता तुमचं काम. शाळेत किंवा मंदिरात पेटी असेल तर मोठ्यांना विचारून तिच्याकडे जा. काळी दोन, काळी चार आणि काळी पाच, या तिन्ही पट्ट्या एकदम दाबा. भाता हळू मारा. ही झाली सा-म-प. मनात चार मोजा. मग काळी चार सोडून पांढरी पाच दाबा. आला ‘ग’! पुन्हा तसंच करा, पण या वेळी पांढरी पाचऐवजी काळी तीन दाबा. हा कोमल ‘ग’. दोन्ही वेळा कसं वाटलं, ते वहीत लिहा. पेटी नसेल तर तीन मित्र जमवा आणि गाऊन बघा.

तुम्हाला लोक सारखं विचारत असतील, “मोठेपणी कोण होणार?” आणि उत्तर आलं नाही की तुम्हाला कसंनुसं होत असेल. आमच्या त्या नातवालाही परवा कोणीतरी विचारलं, “मंग, आजोबासारका बँडवाला होतं का बाईसारका मास्तर?” तो आता सहावीत आहे. रोज संध्याकाळी माझ्यानंतर अर्धा तास तोही वाजवतो. त्याच्या करंगळीला खालच्या ‘सा’ची चावी अजून नीट पुरत नाही. तो म्हणाला, “अजून ठरलं नाही.” आणि पुन्हा पत्ती ओली करायला लागला. मास्तर समोर बोटं मोजत होते.

पलंगाखालची पेटी आता ओसरीवर असते. भंगारवाला मध्ये एकदा येऊन गेला. दारातच थांबला, ऐकलं आणि सायकल वळवून निघून गेला.